शारदेचे जनक : गोविंद बल्लाळ देवल



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. कोणाचे लिहायचे ते कार्यकारिणीने माझ्यावरच सोपवले. संतांची, देशभक्तांची आणि समाजसुधारकांची चरित्रे आपण दरवर्षी वाचतोच. म्हणून मी एका नाटककाराची निवड केली. नाटकवाल्याचे चरित्र बायकांच्या स्मरणिकेत कशाला, असे एखादीच्या मनात येईल. पण ज्या माणसाने आपल्या माजघरातले दुःख उचलून भर रंगभूमीवर हजारो लोकांपुढे मांडले, त्याची आठवण आपण बायकांनी नाही ठेवायची तर कोणी? शिवाय आपण राहतो त्या संत तुकाराम नगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. भाजी आणायला जाताना आपण नाटकांचे फलक वाचतो, सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी पाहतो. तेव्हा नाटक हा विषय आपल्याला परका नाही.

माझे शिक्षण जेमतेम सातवी. त्यामुळे विद्वान मंडळींसारखे नाटकाचे गुणदोष सांगणे मला जमणार नाही. वाचनालयातून आणलेली पुस्तके दुपारी कामे आटोपल्यावर वाचली आणि त्यातून जे उमगले ते साध्या शब्दांत मांडते आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळच्या हरिपूर या गावी झाला. माझे माहेर मिरज तालुक्यातले, त्यामुळे हरिपूर मी लहानपणापासून पाहिलेले आहे. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांचा संगम तिथे होतो. संगमाच्या काठावर संगमेश्वराचे जुने देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथे मोठी यात्रा भरते. हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली पेवे ही तर हरिपूरची खासियत. आम्ही मुली आईचा पदर धरून यात्रेला जात असू, देवदर्शन करून संगमावर पाय भिजवत असू आणि चुरमुरे खात घरी येत असू. याच गावात एवढा मोठा नाटककार जन्मला हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

देवलांचे पुढचे शिक्षण बेळगावात झाले. तिथे त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले. गुरुशिष्यांची ही गाठ पडली नसती तर मराठी संगीत नाटकाचा इतिहास वेगळाच झाला असता. देवलांनी मॅट्रिक झाल्यावर काही काळ स्वतःही शिक्षकाचे काम केले. पण त्यांचा ओढा नाटकाकडे होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेबांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पुढे १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले आणि किर्लोस्कर मंडळीचे नाव घरोघरी झाले. देवल या मंडळीत गुरूच्या हाताखाली तयार झाले. त्यांनी नट म्हणून कामे केली, पदे रचली आणि नटांना शिकवण्याचे कामही केले. अण्णासाहेब १८८५ मध्ये ऐन उमेदीत वारले. त्यांच्या मागे शिष्याने गुरूचा वारसा पुढे चालवला.

देवलांच्या नावावर एकूण सात नाटके आहेत. त्यातली सहा दुसऱ्या भाषांतल्या ग्रंथांवरून रचलेली आहेत. ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ ही संस्कृत नाटकांवरून, तर १८९३ सालचे ‘शापसंभ्रम’ हे बाणभट्टाच्या कादंबरीवरून. १८८६ चे ‘दुर्गा’ आणि १८९० चे ‘झुंझारराव’ ही इंग्रजी नाटकांवरून. ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’. कोणीतरी कान भरतो, एका हातरुमालाचे निमित्त होते, आणि नवरा निर्दोष बायकोचा जीव घेतो, अशी ती कथा आहे. परक्या देशातली गोष्ट खरी, पण बायकोच्या चारित्र्यावर संशय घ्यायला पुरुषाला किती थोडे कारण पुरते, हे समजायला देश वेगळा असून अडत नाही. या सहांपैकी शेवटच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाविषयी पुढे लिहिते आहे.

सातांपैकी पूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतून लिहिलेले नाटक एकच. ते म्हणजे ‘संगीत शारदा’. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे किर्लोस्कर मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. त्याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. ते नाटक का लिहावे लागले हे समजण्यासाठी त्या काळी मुलींची काय अवस्था होती ते पाहिले पाहिजे.

त्या काळी आठव्या-नवव्या वर्षी मुलीचे लग्न करणे हा धर्म समजला जाई. बारा-तेराची झाली आणि अजून बापाच्या घरी दिसली की तिला घोडनवरी म्हणत. मुलगी म्हणजे परक्याचे धन, मुलगी म्हणजे डोक्यावरचे ओझे, मुलीच्या जातीला मत नसते, तिला शिकवून काय करायचे, असे शब्द लहानथोर सर्वांच्या तोंडी होते. बायको वारली की पन्नाशी-साठीच्या पुरुषाने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी पुन्हा लग्न करणे यात कोणाला वावगे वाटत नसे. उलट पुरुषाचे घर उघडे पडू नये म्हणून नातेवाईकच पुढाकार घेत. काही गरीब आणि लोभी बाप तर अशा म्हाताऱ्याकडून रक्कम मोजून घेऊन मुलगी देत. त्याला कन्याविक्रय म्हणत. थोड्याच वर्षांत म्हातारा मरे, आणि ज्या वयात आपल्या मुली शाळेत कवायत करतात त्या वयात त्या पोरीचे केस उतरवून तिला कोपऱ्यात बसवत.

याविरुद्ध बोलणारी माणसेही होती. लहानपणी झालेले लग्न मान्य नाही म्हणून रखमाबाई कोर्टात उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये त्यांच्याविरुद्ध लागला, तरी त्या हटल्या नाहीत आणि पुढे डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये सरकारने संमतिवयाचा कायदा करून मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेवढ्यावरूनही पुण्यात केवढे वादळ उठले! धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. सभा होत होत्या, वर्तमानपत्रांत लेख येत होते. पण सभेला कोण जात असे आणि वर्तमानपत्र कोण वाचत असे? शिकलेले पुरुष! ज्यांच्या घरात हे सर्व चालले होते त्या बहुसंख्य माणसांपर्यंत ते पोचत नव्हते. देवलांनी जो मार्ग घेतला तो वेगळा होता. त्यांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी एक घर उभे केले आणि प्रेक्षकांना त्या घरात नेऊन बसवले.

त्या घराची गोष्ट थोडक्यात अशी. कांचनभट नावाचा एक गृहस्थ आहे. नावाप्रमाणेच त्याचे सगळे चित्त पैशात. त्याची बायको इंदिराकाकू आणि उपवर झालेली मुलगी शारदा. भुजंगनाथ नावाचा पंचाहत्तरीच्या घरातला श्रीमंत म्हातारा बायको शोधतो आहे. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ मधे पडतो आणि पैशाच्या बदल्यात शारदा भुजंगनाथाला द्यायची असे ठरते. शारदेच्या मैत्रिणी तिची थट्टा करतात, ती थट्टा ऐकताना प्रेक्षकाला हसूही येते आणि पोटात कालवतेही. आईच्या जिवाची घालमेल होते, ती नवऱ्याशी भांडते, पण तिचे कोण ऐकणार? कोदंड नावाचा एक तरुण या अन्यायाविरुद्ध उभा राहतो. शेवटी ऐन मांडवात तो येतो आणि वधूवरांचे गोत्र एकच आहे हे उघड करतो. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नसल्यामुळे लग्न मोडते. पण मांडवातून उठलेल्या मुलीला पुढे कोण करून घेणार? शारदा नदीत जीव द्यायला जाते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचे लग्न होते.

आता या गोष्टीत काय विशेष आहे, ते मला जसे वाटले तसे सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे या नाटकात कोणी राक्षस नाही. पौराणिक नाटकात दुष्ट माणूस आला की तो ओळखू येतो, त्याचे डोळे लाल असतात, आवाज मोठा असतो. कांचनभट तसा नाही. तो आपल्या ओळखीचा आहे. व्यवहार पाहणारा, मुलगी श्रीमंत घरी पडेल, दागिन्यांनी मढेल, असे सांगणारा. दीक्षितासारखी माणसे तर प्रत्येक गल्लीत असतात. दोन्हीकडे गोड बोलतात, वराचे वय कमी करून सांगतात, आणि लग्न लागले की दिसतसुद्धा नाहीत. देवलांनी प्रेक्षकांना या माणसांवर पोटभर हसवले. आपण ज्याला हसलो तो आपल्यासारखाच बोलतो, हे घरी जाताना काहींच्या तरी ध्यानात आले असेल.

दुसरी गोष्ट भाषेची. देवलांचे लिहिणे सोपे, घरातले. पदेसुद्धा साकी, दिंडी अशा चालींत बांधलेली, दळताना-कांडताना बायकांना गुणगुणता यावीत अशी. त्यामुळे ज्या बायकांना नाटकगृहात जायला मिळाले नाही त्यांच्यापर्यंतही शारदेची गाणी जाऊन पोचली. आमच्या आजीने नाटकगृह कधी पाहिले नव्हते, पण शारदेची दोन पदे तिला येत होती. ती कुठून आली हे तिला माहीत नव्हते. लहानपणापासून ऐकत आले, एवढेच ती सांगे.

तिसरी गोष्ट इंदिराकाकूंची. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, पण मला त्या सर्वांत जवळच्या वाटतात. मुलीचे वाईट होते आहे हे त्यांना समजते. त्या बोलतातही. पण घरात शब्द नवऱ्याचा. बाई रडली तर ती बाईच आहे, रडणारच, असे म्हणून पुरुष उठून जातात. बाईचे म्हणणे रडण्यात काढायचे, म्हणजे त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. हा समज तेव्हाचा खरा, पण तो तेव्हाच संपला असे मला म्हणवत नाही.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी, तिला आम्ही अक्का म्हणत असू. रंगाने सावळी, कामाला चपळ, गळा गोड. पाठच्या तीन बहिणी. शेत कोरडवाहू. अक्का सतरा वर्षांची असताना तिला एका बिजवराचे स्थळ आले. वय तिच्या दुप्पट, पदरी दोन मुले. हुंडा नको, लग्नाचा सगळा खर्च मुलाकडचा. मध्यस्थाने सांगितले की एवढे चांगले स्थळ सावळ्या मुलीला पुन्हा येणार नाही. चुलत्यांनी होकार दिला. ते काही वाईट नव्हते. आम्हा सर्व मुलींना जत्रेत बांगड्या भरणारे ते माणूस होते. तीन मुली अजून उजवायच्या आहेत या काळजीने त्यांना झोप नव्हती. काकू चुलीपुढे बसून चार दिवस रडल्या. अक्काला मात्र कोणी काही विचारले नाही. तिने दुसऱ्याच्या मुलांना आपली मानून वाढवले, आणि पस्तिशीच्या आत तिचे कुंकू गेले. हे काही १८९९ साल नव्हते. गावात वीज होती, घरात टीव्ही होता, कायदाही होता.

‘शारदा’ वाचताना मला अक्का सारखी आठवत राहिली. देवलांच्या काळी म्हातारा बापाला पैसे देई. पुढे वारे फिरले आणि बाप मुलाकडच्यांना हुंडा देऊ लागला. आता हुंडा घेतला नाही हेच उपकार मानून मुलगी कुठेही देतात. पैसे इकडून तिकडे गेले काय किंवा तिकडून इकडे आले काय, मोजमाप मुलीचेच होते.

आणि आणखी एक गोष्ट. नाटकात शारदेचे लग्न मोडते ते कशाने? ती नको म्हणाली म्हणून नव्हे. वर पंचाहत्तर वर्षांचा आहे म्हणूनही नव्हे. आई रडली म्हणून तर नव्हेच. लग्न मोडते ते गोत्र एक निघाले म्हणून! वधूवरांत साठ वर्षांचे अंतर चालते, पण एक गोत्र चालत नाही. प्रथम वाचताना मला याचा राग आला होता. पण विचार केल्यावर वाटले की देवलांना आपला समाज चांगला ठाऊक होता. मुलीच्या नकाराने लग्न मोडलेले दाखवले असते तर त्या वेळच्या प्रेक्षकांनी ते मानलेच नसते. म्हणून त्यांनी काट्याने काटा काढला, रूढीनेच रूढीला अडवले. पण त्याबरोबरच पाहणाऱ्याला हेही दिसले की त्या पोरीच्या हो-नाहीला कुठे जागाच नाही. ती जागा करणे हे काम देवलांनी पुढच्या पिढ्यांवर सोडले असे मी समजते.

आणखी एक गंमत सांगते. त्या वेळी किर्लोस्कर मंडळीत बायकांची कामे पुरुषच करत असत. चांगल्या घरच्या बाईने रंगभूमीवर जाऊ नये असा दंडक होता. म्हणजे मुलीच्या दुःखाचे नाटक, पण शारदेचे लुगडे नेसून उभा राहणारा मुलगा! पुढे बालगंधर्वांनीही शारदेची भूमिका केली आणि ती फार गाजली. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा त्यांना घडवणाऱ्यांत देवल होते. शब्द कसा टाकावा, कुठे थांबावे, गाताना अर्थ कसा सांभाळावा हे ते नटांना शिकवत. मूळचे शिक्षक, ते नाटकातही शिक्षकच राहिले.

नाटकाने समाज सुधारतो का, असा प्रश्न विचारला जातो. एका नाटकाने लगेच काही बदलत नाही हे खरे. पण ‘शारदा’ गावोगाव होत राहिले, पदे घरोघरी गेली, आणि म्हाताऱ्याने लहान मुलीशी लग्न करणे ही गोष्ट हळूहळू लाजेची, हसण्यासारखी ठरली. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्याला आपल्याकडे शारदा कायदा म्हणतात. त्यामुळे हे नाव देवलांच्या शारदेवरून पडले असे बरेच जण समजतात. वास्तविक तो कायदा मांडणारे गृहस्थ अजमेरचे हरविलास सारडा. त्यांच्या आडनावावरून ते नाव आले. पण मराठी माणसाला हे नाव ऐकताच नाटकातली पोर आठवावी, हेच देवलांचे यश आहे. त्या कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. १९४९ मध्ये मुलीचे पंधरा झाले. १९७८ मध्ये मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस झाले. त्यानंतर २००६ मध्ये अधिक कडक कायदा झाला. दहा वर्षांवरून बारा करण्यासाठी १८९१ मध्ये किती भांडणे झाली ते वर लिहिलेच आहे. तिथपासून अठरापर्यंत यायला सत्याऐंशी वर्षे लागली.

आता ‘संशयकल्लोळ’ या नाटकाविषयी. देवलांनी हे प्रथम १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात लिहिले होते. मूळ कल्पना फ्रान्समधल्या मोलिएर या नाटककाराची, ती इंग्रजीमार्फत आपल्याकडे आली. पण देवलांनी ती इतकी आपलीशी केली की ती परकी आहे हे कोणाला सांगून खरे वाटणार नाही. फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, अश्विनशेठ अशी सगळ्यांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे! फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, कृत्तिका नवऱ्यावर संशय घेते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि सगळा घोटाळा सुरू होतो. प्रत्येकजण अर्धवट पाहतो आणि पूर्ण समजलो असे मानतो. हसून हसून पुरेवाट होते.

पण या हसण्यातही देवलांनी एक गोष्ट हळूच ठेवून दिली आहे. रेवती ही नायकिणीची मुलगी. नायकिणीच्या घरची म्हणजे तिच्या प्रेमावर विश्वास तो काय ठेवायचा, असा जगाचा समज. नाटकात मात्र तीच मनाने निर्मळ निघते, आणि प्रतिष्ठित घरातला नवरा खिडकीतून डोकावत, चोरून ऐकत फिरतो. संस्कृतातून आणलेल्या ‘मृच्छकटिक’ नाटकातली वसंतसेनाही अशीच. कोण कोणाच्या पोटी जन्मले यावरून त्याची किंमत ठरवू नये, हे देवलांनी उपदेश न करता सांगितले. आपल्या नगरात सांगली, सातारा, सोलापूर, लातूर, खानदेश अशा सगळ्या भागांतली माणसे कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी येऊन राहिली. त्या अमक्या गावच्या बायका भांडखोर, तमक्या घरच्या पोरी फार मोकळ्या, अशी बोलणी आपल्याही ओट्यावर होतात. अर्धवट पाहून पूर्ण समजणारे फाल्गुनराव आपल्यातही आहेत आणि कृत्तिकाही!

हे नाटक देवलांनी पदे घालून गंधर्व नाटक मंडळीसाठी तयार केले. त्यात बालगंधर्वांनी रेवतीची भूमिका केली. पण हा प्रयोग रंगभूमीवर आलेला पाहणे देवलांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते. ‘संशयकल्लोळ’ त्याच वर्षी त्यांच्या मागे रंगभूमीवर आले. त्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी ते नाटक होते आहे आणि लोक हसत आहेत. १४ जून हा त्यांचा स्मृतिदिन नाट्य परिषद पाळते.

अवघी सात नाटके आणि त्यातले स्वतःचे म्हणावे असे एकच. पण त्या एका नाटकाने जे केले ते शंभर पुस्तकांना साधत नाही. राजे, देव, गंधर्व यांच्या गोष्टी सांगणाऱ्या संगीत रंगभूमीवर त्यांनी एका सामान्य घरातली मुलगी आणून उभी केली, आणि तिच्या लग्नाची गोष्ट ही सर्वांनी बसून पाहण्यासारखी, विचार करण्यासारखी गोष्ट आहे असे ठरवले. माझ्या मते हा त्यांचा मोठेपणा.

आता आपल्यापुरते बोलायचे तर शारदेची गोष्ट संपली का? टाळेबंदीच्या काळात शाळा बंद होत्या आणि थोडक्या माणसांत लग्न उरकते म्हणून कितीतरी ठिकाणी अल्पवयीन मुलींची लग्ने लावली गेली. आपल्या परिसरातही दहावी होण्याआधीच गावी नेऊन मुलीचे लग्न लावल्याचे एक-दोनदा कानावर आले. चांगले स्थळ आहे, वस्तीत मुलगी सांभाळणे अवघड आहे, कर्जाच्या आधी उरकून टाकू, अशी कारणे सांगतात. कांचनभटाजवळही कारणे होती. अशा वेळी कोणीतरी कोदंड येईल म्हणून वाट पाहू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे, तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहिलेला असावा. इंदिराकाकूंना असा क्रमांक मिळाला नव्हता.

आणि ज्या मुली अठराच्या पुढे आहेत, त्यांच्या बाबतीतही पाहुणे बघायला येण्याच्या आधी एकदा तिला शेजारी बसवून, कोणाच्या देखत नव्हे, शांतपणे विचारावे. ती नको म्हणाली तर तिला कारण विचारावे, पण लगेच रागवू नये. मी माझ्या मुलीला असे विचारले तेव्हा तिचे म्हणणे ऐकायला मला दोन दिवस लागले, कारण आम्हा मायलेकींना त्या विषयावर बोलायची सवयच नव्हती. सवय करावी लागते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटून झाल्यावर तासभर बसून आपण ‘शारदा’ नाटकातले काही प्रवेश वाचावेत. पुस्तक मिळते. सोंगे आणण्याची, पडदे बांधण्याची गरज नाही, नुसते वाचायचे. एके काळी पुरुष बायकांची कामे करत, आता बायका पुरुषांची करतील! कांचनभट, दीक्षित आणि भुजंगनाथ यांच्या कामांसाठी आत्ताच नावे द्यावीत. इंदिराकाकूंचे वाचन मात्र मी करीन. मुलींनाही बरोबर आणावे, सासूबाईंनाही आणावे. वाचन झाल्यावर चहा घेता घेता ज्या गप्पा होतील त्या मला ऐकायच्या आहेत.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास गोड मानून घ्यावे. देवलांच्या स्मृतीस वंदन करून, मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन लेखणी आवरते.